मिस काकू

शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या स्टेडियममध्ये हजारो माणसं एका चेंडूकडे बघत असायची आणि एक बाई बघत नसायची. चेंडू डावीकडे गेला की सगळ्या माना डावीकडे वळायच्या, उजवीकडे गेला की उजवीकडे. डॉ. विमल देवस्थळी मात्र डोळ्यांना दुर्बीण लावून, चेंडू जिथून निघाला होता तिथेच बघत बसलेल्या असायच्या. दुर्बीण त्यांच्या नवऱ्याची, पक्षी बघायला घेतलेली आणि चांगली जाडजूड होती. लोक उठून ओरडायला लागले आणि बँड वाजायला लागला की त्या मला कोपरानं ढोसून विचारायच्या, "काय झालं रे?"

"टचडाऊन, काकू! आपला टचडाऊन!"

"बरं बरं. ते खाली पडलेत ते सगळे उठतात का, ते बघू दे आधी."

आपण जिंकलो की हरलो हे त्यांना बहुतेक वेळा पार्किंग लॉटमध्ये कळायचं, तेही मी सांगितलं तर. आणि ज्या मुलामुळे आम्ही सगळे त्या बाकांवर घाम गाळत बसायचो, तो माझा मुलगा तेजस, त्या संघाचा क्वार्टरबॅक होता.

आम्ही टेक्सासमधल्या प्लेनोला राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. घरात खोकी तशीच पडलेली. दारात एक सडपातळ बाई उभ्या. पांढरे केस अगदी बारीक कापलेले, अंगात सुती सलवार-कुडता, पायात पुरुषी स्पोर्ट्स शूज आणि हातात केळ्यांचा घड.

"मी समोरची देवस्थळी. मला स्वयंपाक येत नाही, म्हणून केळी आणलीत," असं म्हणून त्या आत आल्या, माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "तोंड उघड."

मी उघडलं. का उघडलं ते आजही सांगता येणार नाही. तो आवाज ऐकला की माणूस तोंड उघडायचाच.

"मोठं. जीभ बाहेर. हं. मान आखूड, हनुवटी आत. तुझं कधी ऑपरेशन ठरलं तर मला आधी सांग, नळी घालणाऱ्याला घाम फुटणार आहे." मग त्यांनी माझ्या बायकोचं, मेधाचं, तोंड बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ही अगदी सोपी!" हे प्रशस्तिपत्रक मेधा पुढे कित्येक वर्षं माझ्या तोंडावर फेकत असे.

काकू भूलतज्ज्ञ होत्या. नागपूरला शिकल्या, सर्जन नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या आणि निवृत्त होईपर्यंत ऑपरेशन थिएटरात पेशंटच्या उशाशी एका स्टुलावर बसल्या. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी अनघा तिकडे व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला. आमच्या मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख अजूनही 'मोठ्या देवस्थळी डॉक्टरांच्या मिसेस' अशीच करून दिली जायची. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. बाजारभाव सांगावा तशा सरळ आवाजात त्या सांगायच्या, "पेशंट माझं तोंड बघायच्या आत झोपायचा आणि जागा व्हायचा तोवर मी दुसऱ्याच्या उशाशी. पेढे सगळे आमच्या ह्यांना. आता ह्यांना कापता छान यायचं, त्यात वादच नाही. पण कापत असताना माणूस जिवंत ठेवायचा कुणी?"

तेजस क्वार्टरबॅक कसा झाला, हे मी एके काळी कुणालाही, न विचारता, सांगत असे. मी नाशिकचा. लहानपणी त्याला मागच्या अंगणात स्टंपवर थ्रो मारायला शिकवलं ते मी. शाळेतल्या एका कोचनं त्याचा हात बघितला आणि स्टंप राहिला बाजूला, पोरगा फुटबॉलच्या हेल्मेटमध्ये शिरला. ज्यांना हा अमेरिकन फुटबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की क्वार्टरबॅकला चेंडू मिळाला की तो त्यानं लांब धावत गेलेल्या आपल्या गड्याकडे फेकायचा आणि तो फेकण्याआधी समोरच्या संघातल्या राक्षसांनी त्याला जमिनीत गाडायचा. चेंडू पलीकडच्या टोकाच्या रेषेपार नेला की टचडाऊन. राक्षसांना थोपवायला क्वार्टरबॅकपुढे आपली पाच पोरं उभी असतात. मधला, ज्याला सेंटर म्हणतात, तो स्वतःच्या पायांमधून चेंडू मागे देतो आणि लगेच भिंतीसारखा उभा राहतो. टीव्हीवर क्वार्टरबॅकचा चेहरा दिसतो. या पाचांची पाठ दिसते.

तेजसची निवड झाल्यावर मी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या जर्सीचा फोटो लावला. मंडळात लोक मला बघून रस्ता बदलायला लागले. मेधा मात्र भीतीनं अर्धी झाली. ती काकूंकडे गेली. "तुम्ही डॉक्टर आहात. तुम्ही 'नको' म्हणालात तर तो ऐकेल."

"न तपासता मी कुणाला काही सांगत नसते," काकू म्हणाल्या. "येते बघायला."

त्या पहिल्या सामन्यात तेजसला समोरच्या एका मुलानं असा उचलून आपटला की मेधानं डोळे मिटले आणि मी माझ्या हातातले नाचोज पुढच्या माणसाच्या टोपीवर सांडले. तेजस उठला. काकूंनी दुर्बीण खाली घेतली.

"श्रीकांत, याच्यापुढे ही पाच धिप्पाड पोरं उभी आहेत. त्यांचं काम काय?"

"त्याला वाचवायचं."

"नावं काय त्यांची?"

मी विचार केला. चेंडू झेलणाऱ्या पोरांची नावं मला पाठ होती, त्यांच्या आईवडिलांचीसुद्धा. "तो... मधला जाडा आहे ना, तो..."

"तुझ्या पोराचा जीव ज्यांच्या हातात आहे, त्यांची नावं तुला माहीत नाहीत? अरे, मी टेबलाशी जायच्या आधी लादी पुसणाऱ्याचंसुद्धा नाव विचारायची!"

सामना संपल्यावर त्या तरातरा पायऱ्या उतरून मैदानाच्या कुंपणापाशी गेल्या. पोरं हेल्मेट काढून, घामानं निथळत बाहेर येत होती. त्यातल्या सगळ्यात रुंद मुलाला काकूंनी बोटानं बोलावलं. तो त्यांच्या दीडपट उंच आणि पाचपट रुंद.

"व्हॉट इज युअर नेम?"

"मटेओ, मॅम."

"मटेओ, ओपन युअर माउथ."

टेक्सासमधलं पोर वडीलधाऱ्या बाईला नाही म्हणत नाही. "येस, मॅम," म्हणून मटेओनं जबडा उघडला. मागून येणाऱ्या चौघांना वाटलं, ही शाळेची काहीतरी तपासणी दिसतेय. ते शिस्तीत मागे रांग लावून उभे राहिले आणि नंबर आला की आपापली तोंडं उघडू लागले. तेजस हे बघून हेल्मेट पुन्हा डोक्यात घालायच्या बेतात होता. "टेज, हू इज शी?" कुणीतरी विचारलं.

"दॅट्स... काकू," तो पुटपुटला.

"नाइस टू मीट यू, मिस काकू," मटेओ म्हणाला. तिकडे मोठ्या बाईला पहिल्या नावामागे 'मिस' लावून हाक मारायची पद्धत आहे आणि त्याला वाटलं की काकू हेच त्यांचं नाव. झालं. त्या दिवसापासून त्या मिस काकू झाल्या. पुढे कोचपासून तिकीट फाडणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना तेच म्हणायला लागले आणि 'मोठ्या डॉक्टरांच्या मिसेस' पहिल्यांदाच कुणाच्याही मिसेस न राहता नुसत्या मिस झाल्या.

गाडीत बसल्यावर मेधानं आशेनं विचारलं, "मग, सांगाल ना त्याला?"

"त्याला काय सांगायचं? तो धडधाकट आहे. त्या मटेओच्या घशात टॉन्सिल नाहीत, दोन लिंबं आहेत. तो मुलगा रात्री झोपत नसणार नीट."

मटेओबद्दल शाळेत एकच मत होतं, की पोरगा आळशी आहे. वर्गात डुलक्या काढायचा. सामन्यात सुरुवातीला बुरुजासारखा असायचा, पण मध्यंतरानंतर तो ढिला पडायचा आणि मग त्याच्या बाजूनं राक्षस आत येऊन तेजसला गाडायचे. दुसऱ्या दिवशी काकू पत्ता शोधत मटेओच्या घरी गेल्या. त्याची आई स्पॅनिश बोलणारी. काकूंचं स्पॅनिश सगळं हॉस्पिटलातलं, म्हणजे श्वास घ्या, तोंड उघडा, काही खाऊ नका, दुखतंय का, एवढंच. एवढ्या भांडवलावर त्यांनी तासभर गप्पा मारल्या. त्या माऊलीनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं म्हणे, की हा घोरतो, मध्येच श्वास थांबतो, मी उशाशी बसून राहते. ख्रिसमसच्या सुट्टीत मटेओचे टॉन्सिल काढले. ऑपरेशनच्या दिवशी काकू तिथे होत्या. त्यांनी भूल देणाऱ्या तरुण डॉक्टरला इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यालाच बसायला खुर्ची द्यावी लागली.

पुढच्या मोसमात मटेओ शेवटपर्यंत जागा राहिला आणि तेजस एकदम मोठा खेळाडू वाटायला लागला. शांतपणे उभा राहायचा, इकडेतिकडे बघायचा आणि मग फेकायचा. लोक मला म्हणायचे, "टेज किती मॅच्युअर झालाय!" मी मान झुकवून, आमच्या मागच्या अंगणातल्या स्टंपचा उल्लेख करून, ते स्वीकारायचो.

"पोरगा तोच आहे," काकू दुर्बिणीतून न हलता म्हणायच्या. "त्याला आता एक श्वास जास्त मिळतो, एवढंच."

हे तेजसला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या पाचांसकट तो शाळेच्या वरच्या संघात गेला, शाळेनं त्याचा एक व्हिडिओ काढला आणि त्यात तो 'आय' या एका अक्षरावर अख्खं भाषण करून गेला. मी तो व्हिडिओ नाशिकला पाठवला. आणि मग एक सामना असा आला की त्यात तेजसला मिनिटागणिक लोळवलं. बहुतेक वेळा डाव्या बाजूनं. उजव्या हातानं फेकणाऱ्याची तिकडे पाठ असते, त्यामुळे कोण येतंय ते त्याला दिसत नाही. ती बाजू सांभाळायचं काम कोल नावाच्या उंच, लालसर केसांच्या, अबोल मुलाकडे होतं. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा आपटल्यावर तेजस उठला आणि सगळ्या स्टेडियमसमोर हातवारे करकरून कोलच्या अंगावर ओरडला. कोल खाली मान घालून ऐकत राहिला. बाकीचे चौघे तेजसकडे बघत होते. त्यानंतर त्यांनी समोरच्यांना थोपवायचं तेवढं थोपवलं, पण तेजस खाली पडल्यावर हात देऊन उठवायला मात्र कुणी आलं नाही.

शनिवारी सकाळी मी टेबलाशी बसून तेजसला सांगत होतो, की तू बरोबरच बोललास, अशा पोरांमुळे करिअर बरबाद होतं. तेवढ्यात काकू केळी घेऊन आल्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"कोलचा डावा घोटा सुजलाय," त्या म्हणाल्या. "पहिल्या हाफपासून."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी त्याच्याकडेच बघत होते ना!"

तेजस उसळला. "ही नेव्हर टोल्ड मी!"

"तू विचारलंस?"

"मी कसं विचारणार? आय वॉज गेटिंग किल्ड!"

"आधी श्वास, मग शहाणपण," काकू म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. थिएटरात घाबरलेल्या शिकाऊ डॉक्टरांना त्या हेच म्हणायच्या. "तो दुखऱ्या पायावर उभा राहून तुझ्यासाठी मार खात होता. सांगितलं असतं तर त्याला बसवलं असतं आणि तुझ्या पाठीशी नवखं पोर आलं असतं. म्हणून नाही बोलला तो."

तेजसनं केळं हातात घेऊन तसंच परत ठेवलं. मी दोन खाल्ली, कारण काहीतरी करायला हवं होतं.

सोमवारी काकू मला म्हणाल्या, "मला कोचकडे घेऊन चल." कोच व्हिटेकर म्हणजे वाळलेल्या शेंगेसारखा म्हातारा. सतत सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि टरफलं एका कागदी कपात थुंकायचा. बोलायचा इतकं हळू की ओरडणाऱ्या कोचपेक्षा पोरं त्याला जास्त टरकायची. काकू त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. मी दाराशी उभा राहिलो.

काकूंनी त्याला सांगितलं, की नागपूरला आमच्या हॉस्पिटलात एक जुना प्रोफेसर होता. शिकाऊ सर्जन फार मिजाशीत वागायला लागला की तो त्याच्या हातातली सुरी काढून घ्यायचा आणि महिनाभर माझ्या स्टुलाशेजारी बसवायचा. तिथून पोट दिसत नाही, रक्त दिसत नाही, मधे पडदा असतो. दिसतो फक्त झोपलेल्या माणसाचा चेहरा. महिन्यानं तो सर्जन उठायचा तेव्हा सुरी धरायची त्याची पद्धत बदललेली असायची. "माय हसबंड ऑल्सो सॅट देअर," त्या म्हणाल्या. "दॅट इज हाऊ वी मेट."

हे मलाही नवीन होतं. कोचनं कपात टरफल थुंकलं.

"मॅम," तो म्हणाला, "क्वार्टरबॅकला त्या पाचांबरोबर ठेवायचं माझ्या मनात किती वर्षं आहे! पण डॅडीज वोन्ट लेट मी."

त्या खोलीत त्या वेळी मी एकटाच डॅडी होतो. मी भिंतीवरच्या ढाली फार लक्षपूर्वक वाचायला लागलो.

"ही विल लेट यू," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

तो आख्खा आठवडा तेजसच्या हातात चेंडू आला नाही. गादी लावलेली एक लोखंडी घसरगाडी असते, ती खांद्यानं रेटत मैदानभर न्यायची. मग एकमेकांना धडका द्यायच्या. मग पुन्हा गाडी. मंगळवारी तो घरी आला तेव्हा त्याचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मेधानं त्याला वरणभात भरवला. किती वर्षांनी! ती इतकी खूश झाली की मी कोचबद्दल काढलेले शब्द तिनं मलाच परत घ्यायला लावले. गुरुवारी जेवताना तेजस एकदम थांबला.

"बाबा, दे नेव्हर सी इट."

"काय?"

"थ्रो. मी फेकतो तो थ्रो त्यांना दिसतच नाही. त्यांची पाठ माझ्याकडे असते ना, आणि समोर दुसरा माणूस अंगावर. नॉट वन्स. मटेओ म्हणाला, आम्ही फक्त क्राउड ऐकतो. आवाज झाला की कळतं, इट वर्क्ड."

कोलशी त्याचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. विचारलं तर म्हणाला, "ही गेव्ह मी हाफ हिज बरीटो." त्या वयात मुलं याहून जास्त माफी मागत नाहीत आणि याहून जास्त माफ करत नाहीत. कोचनं कोलच्या घोट्याला दोन आठवडे विश्रांती दिली आणि खेळाची मांडणीच बदलली. तेजसनं चेंडू हातात घोळवत उभं राहायचं नाही, तो झटकन जवळच्या गड्याकडे सोडायचा. त्यात नेत्रदीपक असं काही नव्हतं. मी बाकावर बसून हळहळायचो, आता लांबचे थ्रो दिसणार नाहीत म्हणून. पण पोरगा पडेनासा झाला. आणि दर वेळी चेंडू सुटला की तो आधी मागे वळून त्या पाचांपैकी जो कोण लोळत असेल त्याला हात द्यायला जायचा. धावफलक नंतर बघायचा.

कोल परत आला तो साखळीतल्या शेवटच्या सामन्याला. जिंकलो तर पुढच्या फेरीत जाणार, हरलो तर घरी. आम्ही मागे होतो आणि वेळ संपत आलेली. मेधा डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणत होती. तेजसनं चेंडू घेतला, फेकायला हात मागे नेला आणि तेवढ्यात कुणीतरी त्याच्या हातावर झडप घातली. चेंडू उडाला. त्यानंतर जे झालं ते स्टेडियममधल्या कुणालाही नीट दिसलं नाही. पंधरा-वीस पोरांचा ढीग, आत कुठेतरी चेंडू, पंच धावताहेत, मी "गेलं, गेलं, सगळं गेलं" म्हणून कपाळाला हात लावलेला.

आणि शेजारून आवाज आला. "मटेओ! मटेओ! अरे पळ! पळ बाप्पा पळ!"

काकू बाकावर उभ्या होत्या. दुर्बीण डोळ्यांना, एक हात हवेत. चेंडू टप्पा खाऊन नेमका मटेओच्या पोटावर आदळला होता. त्यानं तो पाहुण्यांचं तान्हं मूल अचानक हातात यावं तसा धरला होता आणि क्षणभर त्याला कळेचना काय करायचं. उभ्या आयुष्यात त्यानं चेंडू घेऊन एक पाऊल टाकलं नव्हतं. मग तो धावायला लागला. धावायला म्हणजे, एखादं कपाट जिन्यावरून घसरायला लागतं तसा. लोकांना उलगडायला लागलं आणि एक प्रचंड हशा आणि आरोळी एकदम उठली. समोरच्या संघातला एक चपळ पोरगा तिरका त्याच्याकडे झेपावला. तो मटेओला पाडणारच, तेवढ्यात दोघांच्या मधे एक हडकुळं शरीर आडवं आलं. धाडकन आवाज झाला. दोघंही कोलमडले आणि मटेओ त्यांच्या बाजूनं, डोळे जवळजवळ मिटून, रेषेपलीकडे जाऊन पडला तो उठेचना.

"कोण होतं ते? मधे कोण पडलं?" मी ओरडलो.

काकूंनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "तुझाच आहे," त्या म्हणाल्या. "बघ, नाकातून रक्त येतंय आणि हसतोय मूर्ख."

पुढच्या फेरीत आम्ही सपाटून हरलो. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. सगळं गाव महिनाभर मटेओच्या त्या धावेबद्दल बोलत होतं आणि काकू मंडळाच्या संक्रांतीत, तिळगूळ हातात घेऊन, ती सगळ्यांना करून दाखवत होत्या.

तेजसची शाळा संपली त्याच उन्हाळ्यात काकू बाथरूममध्ये घसरल्या. फार लागलं नाही, पण अनघानं ऐकलं नाही. ती येऊन त्यांना अ‍ॅशबर्नला घेऊन गेली. जाताना काकू माझ्यावर चिडलेल्या होत्या, कारण मी अनघाची बाजू घेतली होती. "तिकडे सगळी कंप्युटरची गोदामं आहेत म्हणे," गाडीत बसताना त्या म्हणाल्या. "गोदामाचं तोंड काय उघडून बघू?" तरी तिथल्या हायस्कूलचा संघ त्यांनी महिन्याभरात शोधून काढला.

तेजसला पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजनं घेतलं. तिथे त्याच्याहून चांगले क्वार्टरबॅक होते. दुसऱ्या वर्षी तिथल्या कोचनं त्याला वेगळंच काम दिलं. किक मारायच्या वेळी गुडघ्यावर बसायचं, मागे आलेला चेंडू झेलून जमिनीवर नीट उभा धरायचा आणि दुसऱ्यानं येऊन तो लाथेनं उडवायचा. मी खचलो. नाशिकला माझ्या भावानं विचारलं, "तेजस आता काय खेळतो?" मी म्हणालो, "चेंडू धरतो." त्यानं घाईघाईनं नाशिकच्या पावसाचा विषय काढला.

शेवटी मी काकूंना फोन लावला. कोच कसा पक्षपाती आहे, तेजसच्या गुणांचं कसं मातेरं झालं, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही.

"जेवतो का तो?"

"जेवतो."

"झोपतो?"

"हो."

"मित्र आहेत?"

"आहेत की. तो मजेत आहे, काकू! त्याला काही वाटतच नाही. परवा मला म्हणाला, धिस इज द बेस्ट जॉब ऑन द टीम. हेच तर मला कळत नाही!"

"श्रीकांत," काकू म्हणाल्या, "पेशंट टेबलावरून उतरून चालत घरी गेला. भूल उतरायची राहिली आहे ती तुझी." आणि फोन ठेवला. फोनवर निरोप घ्यायची सवय त्यांना कधीच नव्हती.

ते आमचं शेवटचं बोलणं. त्या हिवाळ्यात एका दुपारी, खुर्चीत बसल्या-बसल्या, काकू गेल्या. अनघा म्हणाली, शेजारच्या खोलीतसुद्धा कळलं नाही.

आम्ही विमानानं गेलो. तेजस कॉलेजमधून गाडी चालवत आला. फ्युनरल होमच्या दारात उभे होतो तेव्हा पार्किंगमध्ये एक जुना ट्रक थांबला आणि त्यातून मटेओ, कोल आणि त्या पाचांतला आणखी एकजण असे उतरले. टेक्सासहून आळीपाळीनं चालवत आले होते. मटेओ आता इलेक्ट्रिशियनचं काम शिकतो. तिघांचे कोट खांद्यात उसवायच्या बेतात होते. उरलेल्या दोघांनी फुलं पाठवली होती. त्यावर नुसतं 'मिस काकू' लिहिलेलं.

भटजींचं झाल्यावर पेटी आतल्या दाहगृहापर्यंत न्यायची होती. तिथला माणूस फार अदबीनं चाकांची गाडी घेऊन आला. "तुम्हाला उचलायची गरज नाही," तो म्हणाला.

मटेओनं तेजसकडे बघितलं. "तुमच्यात कसं करतात?"

"खांद्यावर," तेजस म्हणाला.

"सर," मटेओ त्या माणसाला म्हणाला, "वी गॉट हर."

काकू वजनाला काहीच नव्हत्या. अनघाच्या नवऱ्यानं आणि मी हात पुढे केला, पण आमच्या वाट्याला काही आलंच नाही. पुढे मटेओ आणि कोल, मागे तेजस आणि तो तिसरा. उंची सारखी व्हावी म्हणून कोल गुडघ्यांत वाकून चालत होता. त्या लांबलचक, गालिचा घातलेल्या बोळातून ते चौघं इतके सावकाश गेले की आम्हाला मागे थांबून थांबून चालावं लागलं.